हा कोण?

एक अपवाद सोडला, तर आजवर मी एकही सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग पाहिलेला नाही. मालिकांचं तर विचारूच नका. तरीही सिनेमा आणि मालिका या दोन्ही विषयांवर माझी मतं ठाम आहेत आणि ती मी कुणी न विचारता देतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी जवळचा संबंध आहे, असं आमच्या घरातल्यांचं म्हणणं आहे.

मी येता-जाता बघणारा प्रेक्षक. दाढीचं सामान घेऊन बेसिनकडे जाताना, डबा ओट्यावर ठेवून परत फिरताना, किंवा काही कारण नसताना हातात पाण्याचा तांब्या धरून, स्वयंपाकघराच्या दारात उभा. बसत मात्र नाही. बसलं की ‘बघतोय’ असा त्याचा अर्थ होतो, आणि मला तर बातम्यांशिवाय टीव्हीत काही रस नाही असं मी लग्न ठरताना सांगून बसलोय. म्हणून मी उभा राहतो, पडद्यावर जे काही चाललंय ते दीडेक मिनिट न्याहाळतो आणि विचारतो, ‘‘हा कोण?’’

या दोन शब्दांवरून आमच्या घरात जेवढी वादावादी झालीय, तेवढी सांगलीच्या घराच्या वाटणीवरूनसुद्धा झाली नाही.

या सवयीचं मूळही सांगलीचंच. गणेशोत्सवात आमच्या गल्लीत रस्त्यावर आडवा पडदा बांधून सिनेमा दाखवत. समोरच्या जागा दुपारीच पोती आणि सतरंज्या टाकून अडवलेल्या असायच्या. आमच्या घरी जेवणं आटपून, आईनं मागचं आवरून, खरकटं काढल्याशिवाय उंबरा ओलांडायची परवानगी नव्हती. त्यामुळे आमची जागा कायम पडद्याच्या मागे. पडदा पांढऱ्या कापडाचा, तेव्हा मागूनही चित्र दिसायचं. फक्त उलटं.

त्या उलट्या चित्रांवरून मी सिनेमाबद्दलची माझी पहिली मतं बनवली. नायिकांचे पदर उजव्या खांद्यावर दिसायचे, म्हणून हिंदी सिनेमातल्या यच्चयावत नायिका गुजराती असतात अशी माझी समजूत होती. डॉक्टर डाव्या हातानं इंजेक्शन देत, इन्स्पेक्टर डाव्या हातानं सलाम ठोकत. लग्नात भटजी डाव्या हातानं अक्षता टाकत, त्यामुळे हे लग्न टिकणार नाही हे मला आधीच कळायचं. साधारणपणे ते टिकायचं नाहीच. त्या सगळ्या डावखुऱ्या दुनियेत एकच भला माणूस रीतसर उजव्या हातानं ठोसे लगावायचा, तो म्हणजे अमिताभ बच्चन. पुढे कॉलेजात कुणीतरी सांगितलं की अमिताभ डावखुरा आहे. मी त्याच्याशी पैज लावली आणि पाच रुपये हरलो.

आम्ही पोचायचो तोवर सिनेमाचा अर्धा तास होऊन गेलेला असे. मग शेजारच्या पोराला पहिला प्रश्न, ‘‘हा कोण?’’ आणि तो पोरगा हातवारे करून, ढिशुम ढिशुमसकट, निघून गेलेला अर्धा तास पाच मिनिटांत सांगायचा. गंमत अशी की त्यानं सांगितलेला अर्धा तास मला आजही जसाच्या तसा आठवतो. पुढचे दोन तास मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, ते आठवत नाहीत. त्यातला एक सिनेमा पुढे टीव्हीवर लागला, तर त्या पोरानं रंगवून सांगितलेली विमानातली मारामारी त्यात नव्हतीच. मला सिनेमा फिका वाटला.

मग टीव्ही आला, म्हणजे शेजारी आला. २५ जानेवारी १९८७ ला, रविवारी सकाळी, रामानंद सागरांचं ‘रामायण’ सुरू झालं. शेजारच्या काकू टीव्हीला हार घालून उदबत्ती लावायच्या आणि आल्यागेल्याच्या हातावर प्रसादाची साखर ठेवायच्या. आम्ही आंघोळी करून जायचो तोवर खोली भरलेली. मला जागा मिळायची ती दारात, चपलांच्या ढिगाशेजारी, आणि माझ्यापुढे घराचा लाकडी खांब. पडद्याचा उजवा अर्धा भाग त्या खांबानं गिळलेला. त्यामुळे लंकेचं अख्खं युद्ध मला एकाच बाजूनं दिसलं. इकडून प्रभू रामचंद्र बाण सोडायचे, तो सावकाश, शिस्तीत, मधे कुठं घाई न करता खांबामागे जायचा. मग खांबामागून दुसरा बाण यायचा. दोघे बरोबर मध्यावर समोरासमोर आले की थांबायचे. संगीत संपेपर्यंत कुणीही पुढे सरकायचं नाही, असा दोन्ही सैन्यांत करार असावा. तेव्हाच माझं मत झालं की त्रेतायुगातली शस्त्रं आजच्या माणसांपेक्षा सुसंस्कृत होती.

मुळात ५२ भागांसाठी ठरलेली ही मालिका लोकाग्रहानं ७८ भागांपर्यंत गेली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत दूरदर्शननं ती पुन्हा लावली, तेव्हा खांब नव्हता, गर्दी नव्हती, चपला नव्हत्या. डोंबिवलीतल्या आमच्या सोफ्यावर ऐसपैस जागा होती. पहिल्याच दिवशी आई म्हणाली, ‘‘आता तरी बस.’’ मी दारातच उभा राहिलो. इतक्या वर्षांत खांबामागे मी जो रावण कल्पिला होता, तो मला गमवायचा नव्हता.

आता आईबद्दल सांगायला हवं, कारण आमच्या घरातली खरी प्रेक्षक ती. वय ८२. संध्याकाळी सातला दिवा लावून, स्तोत्र म्हणून ती टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसते आणि मांडीवर कापसाचा डबा घेऊन वाती वळायला लागते. बाकीचं जग टीआरपी यंत्रांवर मोजत असेल. आमच्याकडे तो वातींवर मोजतात. साधा भाग असेल तर अर्ध्या तासात वीसेक वाती होतात. खलनायिकेनं दुधात काही मिसळलं की हात मंदावतो. खोटं मंगळसूत्र उघडकीला आलं की कापूस बोटांतच राहतो. आणि मालिकेतलं लग्न सुरू झालं, म्हणजे हळद, मेंदी, संगीत, सीमांतपूजन करत तीन आठवडे काहीच घडत नाही, तेव्हा तर वातींचं पीक येतं. एका वर्षी एका लग्नातच तिची त्रिपुरी पौर्णिमेची साडेसातशे वातींची त्रिपुरवात पूर्ण झाली. ती मालिका आणखी लांबवली असती तर तिनं लक्षवातीचा संकल्प सोडला असता.

आईला मालिकेची लांबी खटकत नाही, मला खटकते. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ मध्ये सुरू झाली आणि २०१३ पर्यंत चालली. तीन हजारांच्या वर भाग झाले. मराठीत म्हण आहे, चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. सासूच्या चार दिवसांना अकरा वर्षं लागली तर सुनेचे चार दिवस कधी यायचे, हा प्रश्न मी तेव्हा विचारला होता. स्वयंपाकघरातून ही म्हणाली, ‘‘हेच मी आल्यापासून विचारतेय.’’ त्यानंतर मी त्या मालिकेवर बोलणं सोडलं.

‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मधला मिहीर गेला, त्या रात्री आई जेवली नाही. नुसतं दूध घेतलं. पुढे तो परत आला, तेव्हा तिनं आनंदानं शिरा केला. मी म्हटलं, ‘‘आई, गेलेला माणूस परत कसा येईल?’’ ती म्हणाली, ‘‘तुला काय कळतंय? तू मधूनच बघतोस.’’ आता यात मधूनच बघण्याचा काय संबंध? पण विचार केल्यावर पटलं. मधे गेलेला माणूस शेवटी असतोच, असं मालिकेचं शास्त्र आहे, आणि ते सलग बघणाऱ्यालाच ठाऊक असतं.

‘होणार सून मी ह्या घरची’मध्ये तर सहा सासवा होत्या. मी दारात उभं राहून ‘‘ही कोण?’’ विचारायचो आणि दरवेळी उत्तर यायचं, ‘‘सासू.’’ शेवटी मी विचारणंच बंद केलं. पडद्यावर नवीन बाई दिसली की मनातल्या मनात नमस्कार करायचो. त्यातल्या जान्हवीला दिवस गेले, तेव्हाच आमच्या खालच्या मजल्यावरच्या सुनेलाही दिवस गेले होते. खालच्या बाळाचं बारसं झालं, ते उपडं वळायला लागलं, आणि वर टीव्हीत जान्हवीचे डोहाळे अजून चालूच. अख्ख्या महाराष्ट्रानं त्या बाळंतपणावर विनोद केले. आई मात्र काळजीनं म्हणाली, ‘‘दिवस वर गेलेत गं. डॉक्टर बदला म्हणावं.’’

हिचं बघणं वेगळं. ती मालिका ऐकते. ओट्याशी उभी राहून, टीव्हीकडे पाठ करून, पोळ्या लाटता लाटता. ढॅण असा आवाज आला की तिला कळतं कुणीतरी दारात येऊन उभं राहिलंय. ढॅण ढॅण ढॅण असा तीनदा आला, तर पूर्वीचा नवरा. मला कधी कधी वाटतं, या मालिका बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. नाहीतर पडद्यावर दिसत असताना एखादी बाई स्वतःशीच मोठ्यानं ‘मी हे पत्र आता या उशीखाली लपवते’ असं कशाला म्हणेल? तिला ठाऊक आहे, महाराष्ट्रात या क्षणी हजारो बायकांची टीव्हीकडे पाठ आहे आणि तवा तापलेला आहे.

ही मूळची कुडाळची. त्यामुळे ‘रात्रीस खेळ चाले’ लागली तेव्हा आमच्याकडे ती भुतांची मालिका म्हणून नव्हे, माहेरचा निरोप म्हणून बघितली गेली. चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातल्या एका वाड्यात चालायचं. तो वाडा बघायला पर्यटकांच्या गाड्या यायला लागल्या, तेव्हा माझे मेव्हणे फोनवर म्हणाले, ‘‘भावोजी, आयुष्यभर इथं राहतोय, आमचं घर बघायला कधी कोण आलं नाही. भूत असतं तर बरं झालं असतं.’’ माझं त्या मालिकेबद्दल एकच मत होतं आणि ते मी सासुरवाडीतच बोलून दाखवलं: सगळं खरं वाटतं, पण रात्री साडेदहाला कोकणात इतकी माणसं जागी असतात हे काही पटत नाही.

‘सीआयडी’बद्दल मात्र माझी मतं अभ्यासपूर्ण आहेत. १९९८ मध्ये सुरू झालेली ही मालिका मधूनच बघण्यासाठीच जन्माला आली, असं माझं ठाम मत आहे. कधीही या, कुठेही या, एसीपी प्रद्युम्न बोटं फिरवत काहीतरी गडबड असल्याचं सांगत असतात आणि दया दाराकडे बघत असतो. शिवाजी साटम हे पूर्वी बँकेत होते. मीही बँकेत. त्यामुळे त्यांच्या त्या बोटांबद्दल माझी स्वतंत्र उपपत्ती आहे: ती नोटा मोजायची सवय आहे, सुटता सुटत नाही.

दयाच्या दारांवर मात्र मी सोसायटीचा माजी खजिनदार या नात्यानं बोलतो. इतकी वर्षं हा माणूस दारं तोडतोय; एकदाही बेल वाजवून पाहिली नाही, कडी फिरवून पाहिली नाही, शेजारी किल्ली ठेवलीय का विचारलं नाही. आमच्या सोसायटीत जिन्यातला बल्ब बदलायला तीन मीटिंगा लागतात. दार तोडलं असतं, तर खुनी कोण हे बाजूला राहिलं असतं आणि चौकट सोसायटीची की सभासदाची यावरच पुढची सात वर्षं गेली असती. ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’सुद्धा मला याच कारणासाठी पटत नाही. २००८ पासून चार हजारांच्या वर भाग झाले, पोपटलालचं लग्न होत नाही, हे एकवेळ खरं मानू. पण सेक्रेटरी भिडे मास्तरांनी मीटिंग बोलावली की झाडून सगळे सभासद हजर? भुतांची मालिका यापेक्षा वास्तववादी होती.

या ‘सीआयडी’नं २००४ मध्ये एक अख्खा भाग, तब्बल १११ मिनिटांचा, एकही कट न घेता एका दमात चित्रित केला होता. त्या विक्रमाचं फार कौतुक झालं. मी तो बघताना मधेच कुकर बंद करायला गेलो. म्हणजे त्या भागात एकच कट आहे आणि तो माझा आहे.

मला अगदी माझ्या हक्काचा वाटणारा सिनेमा म्हणजे ‘सूर्यवंशम’. १९९९ चा. तेव्हापासून तो टीव्हीवर इतक्या वेळा लागलाय की देशात पाऊस पडायचा राहील, पण ‘सूर्यवंशम’ लागायचा राहणार नाही. मी तो एकदाही पाहिलेला नाही, आणि एकूण धरला तर आठ-दहा वेळा पाहिलाय. फक्त क्रम माझा. आधी मी विषारी खीर पाहिली. मग चार महिन्यांनी लग्न. त्यानंतरच्या दिवाळीत हीरा ठाकूरच्या बसगाड्या. मग पुन्हा खीर. एका गुढीपाडव्याला नायिका कलेक्टर झाली, आणि ती शिकत होती हे मला आषाढात कळलं. बाप अमिताभ, मुलगाही अमिताभ. त्यामुळे ‘‘हा कोण?’’ या प्रश्नाला एरवी जो मान मिळत नाही, तो फक्त या सिनेमात मिळतो. इथे आईसुद्धा चष्मा सारखा करून म्हणते, ‘‘थांब, बघू दे.’’

आमच्या घरात ती खीर आता कालगणनेचं एकक झालीय. ‘‘कधी आलात ऑफिसातून?’’ ‘‘खिरीच्या जरा आधी.’’ पाहुण्यांना हे कळत नाही. एकदा मुलीला बघायला आलेल्या मंडळींसमोर आई म्हणाली, ‘‘खीर झाली की निघू या का मंदिरात?’’ आणि ती मंडळी वाट्यांची वाट बघत बसली.

‘अशी ही बनवाबनवी’ची गोष्ट निराळी. १९८८ चा हा सिनेमा मराठी माणूस बघत नाही, त्याचं पारायण करतो. पडद्यावर अशोक सराफनं तोंड उघडायच्या आत खोलीतले सगळे ते वाक्य म्हणून मोकळे होतात. इस्रायलचं औषध, सत्तर रुपये, लिंबू रंगाची साडी, एवढे नुसते शब्द उच्चारले तरी लग्नाच्या पंगतीत अनोळखी माणसं एकमेकांची होतात. माझं मत असं की त्याला विनोदी सिनेमा म्हणणं अन्याय आहे. तो घरभाड्यावरचा माहितीपट आहे. मी पुण्यात नोकरीला लागलो, तेव्हा एकट्या मुलांना खोली देणारी पाटी शोधत चार पेठा पालथ्या घातल्या होत्या. दोघांनी साडी नेसून जोडप्यांची सोय लावणं हा त्यातला अतिशयोक्तीचा भाग आहे, असं सिनेमा बघणाऱ्यांना वाटतं. खोली शोधलेल्यांना तसं वाटत नाही. आम्हीही विचार केला होता. आमच्यातल्या दोघांना दाढी दाट होती, म्हणून राहिलं.

आता माझा गुन्हा सांगतो. ‘दृश्यम’. हिंदीतला, २०१५ चा, निशिकांत कामतनं काढलेला. गोव्यातला केबलवाला विजय साळगावकर, शिक्षण चौथी नापास, रात्र रात्र ऑफिसात बसून सिनेमे बघतो आणि त्या जोरावर अख्ख्या पोलीस खात्याला फिरवतो. सिनेमे बघून माणूस वाया जातो म्हणणाऱ्या आमच्या पिढीच्या सगळ्या बापांना हे उत्तर होतं. पण मी तो पाहिला माझ्या पद्धतीनं: एका रविवारी केस कापायला गेलो तेव्हा सलूनमधल्या टीव्हीवर शेवटची दहा मिनिटं. पुढे महिनाभरानं आमच्या घरी सगळ्यांनी तो लावला. आई, ही, मुलगी, कुडाळहून आलेले मेव्हणे, सगळे श्वास रोखून. वातींचा डबा बंद. मी दारात आलो, तांब्या हातात, दीड मिनिट पाहिलं आणि म्हणालो, ‘‘एवढं काय शोधतायत? ते तर तिथे...’’

वाक्य पुरं केलं. त्यानंतरची शांतता मला आठवते. शेवट इथे लिहीत नाही, एकदा पोळलोय. मेव्हणे सावकाश उठले आणि म्हणाले, ‘‘भावोजी, साळगावकरानं तुम्हाला पुरलं असतं तर कुणी तक्रारसुद्धा केली नसती.’’

मुलगी आता बंगळुरूला असते. तिची पिढी मालिका दीडपट वेगानं बघते, गाणी आली की पुढे सारते, आणि तरी वर म्हणते, ‘‘बाबा, तू नीट बघत नाहीस.’’ मी अर्धं बघतो, ती सगळं बघते पण दीडपट पळवून. गणितानं तिचं पारडं जड आहे, तरी मला वाटतं आम्ही एकाच वंशाचे. गेल्या दिवाळीत ती आली आणि जाताना टीव्हीत एक सिनेमा लावून ठेवून गेली. चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’. म्हणाली, ‘‘हा मराठी आहे, याला राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय. हा तू बसून बघायचा. उभं राहून नाही.’’

योग असा की त्याच आठवड्यात ही आणि आई कुडाळला गेल्या. घरात मी एकटा. जेवण झालं, दार लावलं, मोबाइल आतल्या खोलीत ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा आईच्या खुर्चीत बसून पहिल्या पाटीपासून सिनेमा बघायला लागलो.

त्या सिनेमातला कॅमेरा एका जागी थांबतो. हलत नाही. माणसं समोरून येतात, काहीतरी बोलतात, निघून जातात, तो तिथेच. सरकारी वकील बाई कोर्टातून निघते, लोकलनं घरी येते, पोराला घेते, स्वयंपाकाला लागते, आणि तो शांतपणे बघत राहतो. मला कळलं की हा माझ्या अगदी उलट आहे. इथं बघणारा बसलाय आणि गोष्ट येता-जाता चाललीय. मला राहवेना. दोनदा उठावंसं वाटलं, पण उठून जायचं कुणाच्या आड? शेवटपर्यंत बसलो. एकूण एक माणूस कोण ते मला ठाऊक होतं. कुणाचं कोण लागतं ते ठाऊक होतं. विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं, आणि विचारायला कुणी नव्हतं.

रात्री मुलीचा फोन आला. ‘‘बघितलास? कसा वाटला?’’

मी म्हणालो, ‘‘चांगला आहे.’’

‘‘एवढंच?’’

एवढंच. खरं तर बरंच काही डोक्यात होतं, पण ते मतासारखं टणक नव्हतं. कालवलेल्या भातासारखं मऊ होतं, उचलून कुणाच्या अंगावर फेकता येईना. दुसऱ्या दिवशी मेव्हण्यांनाही फोनवर तेवढंच सांगितलं, तर त्यांनी हिला बोलावून विचारलं, ‘‘भावोजींना बरं नाही का?’’ मग लक्षात आलं, ठाम मत व्हायला थोडं अज्ञान लागतं. सगळं पाहिलं की माणूस गप्प होतो. सिनेमावर सगळ्यात जास्त बोलतात ते दारात उभे असलेले.

आठवड्यानं दोघी परत आल्या. सात वाजता दिवा लागला, कापसाचा डबा मांडीवर आला. आठवडाभर कुडाळच्या टीव्हीवर आईनं एकही भाग चुकवला नव्हता. मी आत पाणी प्यायला निघालो, आणि टीव्हीसमोरून जाताना नेमका मधोमध थांबलो.

‘‘काचेचा आहेस का रे?’’ आई म्हणाली.

मी बाजूला झालो. पडद्यावर एक नवीन माणूस होता. दाढी वाढलेली, दारात उभा, तीनदा ढॅण झालेलं.

‘‘हा कोण?’’

‘‘मधूनच येऊन विचारू नकोस,’’ ती म्हणाली. मग तिनं खुर्चीपुढे पसरलेले पाय आखडून घेतले, हातातली वात डब्यात ठेवली, टीव्हीचा आवाज थोडा कमी केला. ‘‘अरे, ही जी मोठी सून आहे ना, तिच्या वडिलांचं कोल्हापूरला गुऱ्हाळ होतं...’’

आणि तिनं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मी तांब्या खाली ठेवला. बसलो मात्र नाही.